अ‍ॅल्युमिनियम चढवलेला कोळसा आणि पाण्यातलं फ्लोराइड : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून नवी वही. काम एका ओळीत सांगायचं तर असं: लाकडाच्या कोळशावर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड चढवायचं आणि तो कोळसा पाण्यातलं फ्लोराइड किती आणि किती काळ धरून ठेवतो ते पाहायचं.

फ्लोराइड निवडलं, कारण ते दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात असतं त्या प्रमाणात चवही नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढत जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. प्रमाण बरंच जास्त असेल तर पुढे हाडं आणि सांधे आखडतात. आखडलेले सांधे पूर्ववत होत नाहीत, म्हणून जे करायचं ते पाणी पोटात जाण्याआधीच करायला हवं.

सक्रिय अ‍ॅल्युमिना, हाडांचा कोळसा आणि तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत या तिन्ही वाटा जुन्या आहेत आणि चालतातही. तुरटीच्या वाटेत गाळ फार निघतो आणि तो रोज काढावा लागतो. अ‍ॅल्युमिना चांगला, पण त्याचे दाणे आतपर्यंत कामाला लागत नाहीत. आमचा अंदाज असा की कोळशाच्या छिद्रांत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर बसला तर तितक्याच धातूत जास्त काम निघेल. अंदाज खरा की खोटा, ते आकडे सांगतील.

वहीचा एक नियम आजच ठरवला: फसलेला प्रयोगही त्याच दिवशी लिहायचा.

९ जानेवारी

लाकडाच्या ढलप्या वाळवून झाकणाच्या मुशीत घट्ट भरल्या आणि मफल भट्टीत ५०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवल्या. झाकण सैल राहिलेल्या एका मुशीत निम्मी राख निघाली. हवा आत गेली की कोळसा जळून जातो, त्यामुळे पुढच्या वेळी मुशीच्या कडेला ओली माती लिंपायची.

कोळसा कुटून चाळला. ०.५ ते १ मिलिमीटरचे दाणे वेगळे ठेवले, कारण पुढे स्तंभात, म्हणजे पाणी सोडायच्या उभ्या नळीत, हेच भरायचे आहेत. सौम्य आम्लाने धुतला, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि १०५ अंशांवर रात्रभर वाळवला.

१४ जानेवारी

पहिलं लेपन. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ६०.४ ग्रॅम, पाणी ५०० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे ०.५ मोलर द्रावण. त्यात ५० ग्रॅम कोळसा चोवीस तास भिजवला. आज सकाळपासून ढवळत ढवळत थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालत सामू (पीएच) ७ वर आणला. याला तीन तास लागले. घाई केली तर थेंब पडतो तिथेच पांढरा लगदा तयार होतो आणि तो कोळशावर न बसता पाण्यात तरंगतो. तरीही थोडा लगदा सुटाच राहिला. तो निथळून टाकला.

धुणं हे सगळ्यांत कंटाळवाणं काम. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढुरकेपणा येतो का ते पाहत राहिलो. अकराव्या धुण्याला पाणी स्वच्छ राहिलं. वाळवण ८० अंशांवर.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "सुट्या लगद्याचं वजन घेतलंत का?" घेतलं नव्हतं. म्हणजे किती अ‍ॅल्युमिनियम खरंच कोळशावर बसलं ते आता आम्लात विरघळवून मोजल्याशिवाय कळणार नाही.

२१ जानेवारी

आम्लात विरघळवलेल्या नमुन्याचा आयसीपी यंत्रावरचा (हे यंत्र द्रावणातले धातू मोजतं) अहवाल आला. वाळलेल्या मालात अ‍ॅल्युमिनियम वजनाने ६.८ टक्के. सगळंच बसलं असतं तर साडेनऊच्या वर जायला हवं होतं. सुट्या लगद्यातून जवळजवळ तिसरा हिस्सा धुऊन गेला.

पृष्ठफळाचे आकडेही आले. ब्रूनॉअर, एमेट आणि टेलर यांच्या १९३८ सालच्या रीतीने नायट्रोजन शोषवून मोजलेले. साधा कोळसा ग्रॅमला २१० चौरस मीटर, लेपन केलेला १४० चौरस मीटर. लेपनाने पृष्ठफळ कमी झालं, कारण बारीक छिद्रांची तोंडं बुजली. हे पाहून सहकारी जरा खट्टू झाली. मला मात्र यात वाईट काही दिसत नाही. नायट्रोजनला जी जागा आवडते ती फ्लोराइडला आवडेलच असं नाही. फ्लोराइडला लागतो अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेला हायड्रॉक्सिल गट. तो असेल तर फ्लोराइड त्याच्या जागी जाऊन बसतो.

२४ जानेवारी

पहिली चाचणी. लिटरला १० मिलिग्रॅम फ्लोराइडचं द्रावण ५० मिलिलिटर, त्यात ०.१ ग्रॅम माल, शेकरवर चोवीस तास, तापमान २५ अंश, सामू ६.५. सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांत. फ्लोराइडचं काम काचेत करायचं नाही.

साध्या कोळशाने १० चे ९.७ केले. लेपन केलेल्या कोळशाने १० चे २.४ केले. ग्रॅममागे हिशेब काढला तर साध्याचा ०.१५ मिलिग्रॅम, लेपनाचा ३.८ मिलिग्रॅम. पृष्ठफळ तिसऱ्या हिश्श्याने घटलं आणि पकड पंचवीसपट वाढली. आता सहकारी खूश आहे.

माल न घातलेल्या बाटलीत १० चे १०च राहिले. ही कोरी बाटली दर वेळी ठेवायचीच.

३१ जानेवारी

शून्य प्रभाराचा सामू काढला. मिठाच्या सौम्य द्रावणात वेगवेगळ्या सामूला माल टाकून दोन दिवसांनी सामू किती हलला ते पाहायचं. जिथे तो हलत नाही तो बिंदू आपला. साधा कोळसा ५.९, लेपनाचा ८.२. याचा अर्थ सामू ८.२ च्या खाली लेपनाच्या पृष्ठभागावर धन प्रभार असतो आणि ऋण प्रभाराचं फ्लोराइड त्याच्याकडे ओढलं जातं. साध्या कोळशाचा पृष्ठभाग ६.५ ला आधीच ऋण झालेला असतो, म्हणून तो फ्लोराइडला दूर लोटतो.

७ फेब्रुवारी

सामू बदलून चाचणी. आजचे आकडे पाहून दोघंही उडालो. सामू ४ ला १० मिलिग्रॅमचे ०.३ उरले! सत्त्याण्णव टक्के गेलं. सामू ५ ला १.६ उरले, ६ ला २.१, ७ ला २.६, ८ ला ४.४, ९ ला ६.९, १० ला ८.८.

वरच्या सामूची घसरण अपेक्षित होती. तिथे पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन त्याच जागांवर हक्क सांगतात आणि पृष्ठभागही ऋण होतो. पण सामू ४ चा आकडा फारच सुंदर आहे. सहकारी म्हणाली, "हाच आपला निकाल." मी रात्रभरासाठी वही उघडी ठेवून घरी आलो, पण मन लागत नाही. सामू ५ ला १.६ आणि ४ ला ०.३, मध्ये इतकी उडी कशाची? ५ आणि ४ मध्ये पृष्ठभागाचा प्रभार इतका बदलत नाही.

१० फेब्रुवारी

चूक सापडली. ही नोंद लांब होईल, कारण पुढे कुणी हे काम करेल त्याने पुन्हा याच खड्ड्यात पडू नये.

आम्ही फ्लोराइड मोजतो ते विद्युतअग्राने (इलेक्ट्रोडने). लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचं हे अग्र फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये मांडलं आणि फ्लोराइड मोजणं एकदम सोपं झालं. दहापट फ्लोराइड वाढलं की वाचन सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. पण हे अग्र फक्त मोकळं फ्लोराइड पाहतं. दुसऱ्या कशाला बांधलेलं फ्लोराइड त्याला दिसतच नाही.

सामू ४ ला अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड थोडं विरघळतं. विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट धरतं आणि दोघं मिळून पाण्यातच राहतात. अग्राला वाटतं फ्लोराइड गेलं. खरं तर ते पाण्यातच आहे, आणि आता सोबत अ‍ॅल्युमिनियमही आहे.

हे टाळण्यासाठी मोजण्याआधी नमुन्यात जे बफर मिसळतात, त्याला टिसॅब म्हणतात, त्यात सीडीटीए नावाचं संयुग असतं. ते अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडे खेचून घेतं आणि फ्लोराइड मोकळं करतं. आमच्या कपाटातली बाटली कमी फ्लोराइडच्या नमुन्यांसाठीच्या साध्या बफरची होती. त्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि मीठ आहे, सीडीटीए नाही. ही बाटली मीच उघडली होती आणि लेबल नीट वाचलं नव्हतं.

आज सीडीटीए घालून ताजं बफर केलं. शुक्रवारचे गाळून ठेवलेले सगळे नमुने बफर मिसळून तासभर थांबून पुन्हा मोजले. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमची पकड लगेच सुटत नाही. नवे आकडे: सामू ४ ला ३.१, ५ ला २.३, ६ ला २.२, ७ ला २.७. ८ च्या वर काहीच फरक नाही.

सत्त्याण्णव टक्क्यांचे एकोणसत्तर झाले. सर्वांत चांगला सामू ४ नसून ५ ते ६.५ चा पट्टा आहे.

सामू ४ च्या नमुन्यात अ‍ॅल्युमिनियम किती ते रंगमापनाने पाहणार होतो, पण त्या रीतीतही फ्लोराइड आड येतं. म्हणून नमुना आयसीपीकडे दिला.

१३ फेब्रुवारी

आयसीपी: सामू ४ ला अ‍ॅल्युमिनियम लिटरला २.९ मिलिग्रॅम. सामू ६.५ ला ०.१ च्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांसाठी ०.१ आणि लहानांसाठी ०.२ मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅल्युमिनियम ठेवणं जमण्यासारखं आहे असं सांगते. सामू ४ चं आमचं पाणी पिण्यालायक नव्हतं, आणि आम्ही त्यालाच निकाल म्हणणार होतो. २.९ हा आकडा हिशेबातही बसतो. अग्रापासून लपलेल्या फ्लोराइडला धरून ठेवायला तेवढं अ‍ॅल्युमिनियम पुरतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "२४ जानेवारीचे नमुने आहेत का अजून?" होते. पुन्हा मोजले: २.४ चे २.५ झाले. म्हणजे तो निकाल टिकला. यापुढे मालाने काही धरलं असं लिहायचं असेल तर त्याच नमुन्यातलं अ‍ॅल्युमिनियमही शेजारी लिहायचं.

१९ फेब्रुवारी

वेळेची चाचणी. पहिल्या अर्ध्या तासात बरंचसं फ्लोराइड गेलं, सहा तासांनंतर आकडा हलत नाही. लागेरग्रेन यांचं १८९८ सालचं पहिल्या कोटीचं समीकरण नीट बसलं नाही, यू-शान हो आणि गॉर्डन मॅके यांचं छद्म-द्वितीय कोटीचं छान बसलं. दोन्ही समीकरणं वेळेनुसार पकड कशी वाढते ते सांगतात. त्यावरून "रासायनिक बंध सिद्ध झाला" असं लिहायचं नाही, हे आम्ही ठरवलं. समतोलाजवळचे बरेच बिंदू घेतले की ते समीकरण जवळजवळ कशावरही बसतं. बंध कसा आहे हे वक्राच्या आकारावरून कळत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी हवी. सामू किंचित वाढतो, म्हणजे हायड्रॉक्सिल सुटून पाण्यात येतात, एवढी खूण मात्र आमच्याकडे आहे.

२६ फेब्रुवारी

समतापी वक्र, म्हणजे एकाच तापमानाला पाण्यात किती उरलं असता माल किती धरतो याचा आलेख. लिटरला २ पासून ४० मिलिग्रॅमपर्यंतची द्रावणं, सामू ६.५. चाळीसच्या बाटलीत २६.२ उरले, म्हणजे ग्रॅममागे ६.९.

लँगम्यूर समीकरण बसवलं. सरळ रेषा काढून बसवण्याची जुनी सवय मोडली. त्या रीतीत एकच राशी दोन्ही अक्षांवर येते आणि रेषा आहे त्यापेक्षा चांगली दिसते. वक्रच थेट बसवला. कमाल क्षमता ग्रॅममागे ७.५ मिलिग्रॅम, स्थिरांक ०.४२ लिटर प्रतिमिलिग्रॅम.

लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये हे मांडलं ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागावरच्या वायूंसाठी. सगळ्या जागा सारख्या, प्रत्येक जागेवर एकच कण, शेजाऱ्यांचा एकमेकांना त्रास नाही. आमच्या कोळशात यातलं काहीच पुरतं खरं नाही. समीकरण बसलं म्हणून कोळसा तसा होत नाही, पण हिशेबाला उपयोगी पडतं.

आता खरा मुद्दा. ७.५ हा आकडा कशाचा? पाण्यात फ्लोराइड भरपूर उरलेलं असताना माल जास्तीत जास्त किती धरेल याचा. आपल्याला पाणी १.५ वर आणायचं आहे. त्या पाण्याशी समतोलात असताना हाच माल किती धरतो? समीकरणात १.५ घातलं की उत्तर येतं २.९. अर्ध्याहून कमी. अधिशोषकांच्या, म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांच्या, तुलनेत सगळे ७.५ सारखे आकडे शेजारी शेजारी मांडतात. ज्याला पाणी प्यायचं आहे त्याच्या कामाचा आकडा २.९ आहे, आणि मी अहवालाच्या पहिल्या पानावर तोच लिहिणार.

५ मार्च

इतर आयनांची आडकाठी. १० मिलिग्रॅम फ्लोराइडमध्ये एकेक मीठ घातलं. क्लोराइडने काही बिघडलं नाही, नायट्रेटने जेमतेम, सल्फेटने थोडं: २.५ ऐवजी ३.१ उरले. फॉस्फेट लिटरला फक्त १० मिलिग्रॅम घातलं तरी ४.० उरले, त्याला अ‍ॅल्युमिनियम फार आवडतं.

सर्वांत मोठा धक्का बायकार्बोनेटचा. लिटरला ३०० मिलिग्रॅमला ५.२ उरले. पण बाटलीचा सामूही ८.३ वर गेलेला. आम्लाने तो ६.५ वर आणून परत केलं तेव्हा ३.३. म्हणजे बायकार्बोनेट स्वतः जागा अडवतं त्यापेक्षा सामू चढवून जास्त नुकसान करतं. दुखणं कळलं तर औषधही दिसतं.

१२ मार्च

आज पहिल्यांदा खरं पाणी. खोल बोअरचं. फ्लोराइड ४.२, सामू ७.९, क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने ३४०, कॅल्शियम फक्त १८.

हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. कॅल्शियम भरपूर असतं तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसून फ्लोराइड वाढूच शकलं नसतं. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, त्यातच फ्लोराइड मोकळं राहतं. म्हणजे ज्या पाण्याला आमच्या मालाची गरज आहे, नेमकं तेच पाणी मालाला सर्वांत जड जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ विरघळवून केलेल्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही.

निकाल: लिटरला २ ग्रॅम मालाने २.६ उरले. ४ ग्रॅमने १.८. ६ ग्रॅमने १.४. सहा ग्रॅमला मर्यादेच्या आत आलो, पण तेव्हा ग्रॅममागे ०.४७ मिलिग्रॅम एवढंच काम झालं. २.९ चे ०.४७. आज कुणीच फार बोललं नाही. आकडे तीनदा मोजले, तेच आले.

१८ मार्च

मॅडमशी बसून ठरवलं: सामू खाली आणायचा. ६.५ वर आणायला या पाण्यात लिटरमागे सुमारे ३ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल लागतं. उघड्या बादलीत आम्ल घातलं तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सकाळपर्यंत सामू ७.२ होतो, हे काल रात्री पाहिलंच. टाकी झाकून, वर जागा न ठेवता भरायची.

आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइडच सोडला तर? क्लोराइड वाढणार नाही आणि हात पोळणार नाहीत. सिलिंडर मागवला आहे.

२७ मार्च

पहिला स्तंभ फसला. कोरडा माल भरून वरून पाणी सोडलं. आत हवा अडकली, पाणी नळीच्या कडेने वाट काढून खाली आलं आणि पहिल्या तासातच फ्लोराइड २ वर. शिवाय पहिलं पाणी काळपट, कोळशाची बारीक धूळ. सगळं काढलं. माल तीन दिवस पाण्यात बुडवून, वर आलेली धूळ काढून, मग पाण्याखालीच थोडा थोडा सोडत भरायचा. ज्यांनी वाळूचे गाळणे भरले आहेत त्यांना हे ठाऊक असतं. मला आज कळलं.

३ एप्रिल

स्तंभ नीट भरला. आतला व्यास २० मिलिमीटर, थराची उंची १०० मिलिमीटर, घनफळ ३१ मिलिलिटर, माल १४ ग्रॅम. पाणी मिनिटाला ३.१ मिलिलिटर, म्हणजे थरात साधारण दहा मिनिटं. बोअरचं पाणी जसं आहे तसं, सामूला हात न लावता.

बाहेरच्या पाण्यात फ्लोराइड १.५ ला पोहोचलं तेव्हा थराच्या घनफळाच्या ७५ पट पाणी गेलं होतं. सव्वादोन लिटरच्या जरा वर. तेरा तासही झाले नाहीत. थर काढून डब्यात भरून ठेवला, टाकला नाही.

१० एप्रिल

तसाच थर नव्या मालाचा, त्याच वजनाचा. पाण्यात आधी कार्बन डायऑक्साइड सोडून सामू ६.५, टाकी झाकलेली. १.५ ला पोहोचायला २३० पट पाणी लागलं. सव्वासात लिटर. माल तोच, पाणी तेच, फक्त सामू बदलला आणि तिप्पट काम झालं.

रात्री दोन-दोन तासांनी नमुने घेतले. पाळी लावली होती. पहाटेचा साडेचारचा नमुना घेताना आकडा ०.२ वरच होता आणि मला फार बरं वाटलं.

अ‍ॅल्युमिनियम: पहिल्या पाच पटींच्या पाण्यात ०.३५, नंतर ०.०६. म्हणजे नव्या थरातलं सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी घ्यायचं नाही. हे यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल. बाहेर आलेलं पाणी हवेशी खेळवलं की उरलेला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि सामू आपोआप ७.५ च्या पुढे येतो.

२२ एप्रिल

पुनर्जीवन, म्हणजे धरलेलं फ्लोराइड सोडवून थर पुन्हा कामाला लावणं. थरातून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. फ्लोराइड भराभर सुटलं. पण अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही विरघळतं. धुण्याच्या पाण्यातून लेपनच निघून आलं. दुसऱ्या फेरीत थराने पहिल्याच्या साठ टक्केच पाणी दिलं.

७ मे

आता सौम्य वाट. सामू ११.५ राखून हळूहळू, थराच्या पाचपट घनफळाच्या द्रावणाने, मग पाण्याने धुऊन सौम्य आम्लाने ६.५ वर. वेळ दुपटीहून जास्त लागला. दुसऱ्या फेरीत ८६ टक्के, तिसरीत ७४, चौथीत ६५. आधीच्यापेक्षा खूप बरं. तरी दर फेरीत काहीतरी हरवतंच. मॅडमचं म्हणणं, चौथ्या फेरीनंतर कोळशावर पुन्हा लेपनच करावं. मला पटलं, कारण कोळसा तर तसाच आहे.

थोडा माल ८० ऐवजी ३०० अंशांवर तापवून पाहिला. अल्कलीत तो कमी विरघळला, पण फ्लोराइडही कमी धरलं. ही वाट सध्या बाजूला.

१५ मे

कपाटात चार बाटल्या साठल्या आहेत. पुनर्जीवनाचं धुणं. पाण्यातून काढलेलं सगळं फ्लोराइड आता या बाटल्यांत आहे, लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम. हे मोरीत ओतलं तर इतके महिने केलेलं काम उलटं केलं असं होईल. ओतायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण काय करायचं ते ठरलं नव्हतं.

सामू ७ च्या आसपास आणून कॅल्शियम क्लोराइड घातलं. पांढरा साका आला, पण इतका बारीक की फिल्टर पेपरमधून निसटतो. रात्रभर तसाच राहू दिला. आधीच्या वेळचा थोडा साका बी म्हणून घातला तेव्हा कण मोठे झाले आणि गाळणं जमलं.

वर उरलेल्या पाण्यात फ्लोराइड १४. कॅल्शियम फ्लोराइडची विद्राव्यताच अशी आहे की शुद्ध पाण्यातही ८ च्या आसपास उरतं, त्यामुळे नुसत्या साक्याच्या वाटेने १.५ पर्यंत जाणं कठीण आहे. २५० चे १४ झाले. तरी ते १४ आहेत.

२३ मे

३ एप्रिलचा थर डब्यातून काढला. त्याला आम्ही संपलेला म्हणत होतो. पण तो संपला होता तो सामू ७.९ च्या, ४.२ फ्लोराइडच्या पाण्यासाठी. सामू ६.५ ला आणि १४ फ्लोराइडला त्याच्या जागा अजून मोकळ्या असणार, वक्र तसंच सांगतो.

साक्यावरचं पाणी सामू ६.५ वर आणून त्याच थरातून हळू सोडलं. बाहेर आलं ३.२. अ‍ॅल्युमिनियम ०.०८.

३.२ हे बोअरच्या पाण्यापेक्षा कमीच आहे, म्हणून ते मोरीत न जाता स्तंभाच्या टाकीत परत मिसळता येईल. सोडियम आणि क्लोराइड मात्र दर फेरीला वाढतील, त्यामुळे किती फेऱ्या चालेल ते मोजायला हवं. सोमवारी दहा लिटर ताज्या पाण्यात १६० मिलिलिटर मिसळून पहिली फेरी लावायची. गाळलेला साका वाळवून वजन करून, तारीख घालून ठेवला आहे. चारही बाटल्यांचा मिळून एक लहानशी डबी भरला.